मड्डम बंद आहे

७ जुलै १९७४, रविवार

मड्डम बंद पडली. भर पाण्यात!

लेक राहीला पलीकडे सासरी पोहोचवून परत येत होतो. अर्ध्यावर इंजिनानं करपट वास मारला, मग धूर, मग खटकन गप्प. बोटीत मी आणि सुकाणूवर गुंडा. तिसरं माणूस नव्हतं हे नशीब. वारा पश्चिमेचा, म्हणून ढकलत ढकलत आपल्याच काठाला लागलो. दीड तास गेला.

राहीला सातवा आहे. बेंदराच्या सणाला आली होती, पण विहीणबाईंचा निरोप आला — ओटीभरण सासरीच होईल, मग न्या बाळंतपणाला. ठीक आहे, रीत आहे. नेऊन सोडली. नागपंचमीला परत आणायची असं व्याही आप्पासोंशी ठरवून आलो. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यात बदल नाही.

जाताना जुन्या गावावर आलो तेव्हा गुंडानं नेहमीसारखं इंजिन बारीक केलं. खाली आमचं बुडालेलं गाव आणि जानाईचं देऊळ. धरण झाल्यापासून बाया तिथं बोट थांबवून ओटी सोडतात — खण, नारळ, तांदूळ. राहीनंही सोडली. हिरवा खण मीच साताऱ्याहून आणला होता. बराच वेळ हात जोडून पुटपुटत बसली. "एवढं काय मागतेस गं?" म्हटलं. तिनं पाण्यात बोटं बुडवून कपाळाला लावली. सुखरूप सुटका मागितली असणार, दुसरं काय.

८ जुलै

इथं लिहितो, दुसरीकडे कुठं बोलणार नाही. काल इंजिन लालबुंद तापलेलं असताना मी बादलीभर गार पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. मी! एकवीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपात काढलेला हवालदार. एखाद्या रंगरुटानं हे केलं असतं तर त्याच्या कानाखाली जाळ काढला असता. धूर दिसला आणि हात आपोआप गेला. टण्ण असा आवाज झाला. तो अजून कानात आहे.

गुंडानं पाहिलं. पाण्याकडे तोंड करून विडी पेटवली. त्याचा हा गप्पपणा मला शिवीसारखा लागतो.

११ जुलै

इंजिनाचं हेड काढलं. पाना घसरून बोटं सोलली. गॅसकेट जळून काळं, आणि हेडला केसाएवढी चीर. टण्ण!

हे इंजिन राहीपेक्षा वयानं मोठं आहे. धरणाच्या कामावरच्या कुठल्याशा साहेबाची ही शिडाची होडी. त्याची मड्डम तीत हिंडायची, म्हणून नाव मड्डम. साहेब गेला, होडी लिलावात निघाली, दोन्ही काठांच्या गावांनी मिळून घेतली. डोलकाठी कोणी तरी कापून घराला तुळई केली. शीड माळ्यावर उंदरांनी खाल्लं. राहिलं ते पोटातलं विलायती पेट्रोल इंजिन, दोन सिलिंडरचं. पाटीवरची अक्षरं झिजलीत. सुटा भाग मागवायचा तर कुणाकडे मागवायचा, हेच माहीत नाही.

मी पेन्शनवर आलो तेव्हा सरपंच म्हणाले, "हवालदार, तुमी ट्रक दुरुस्त केलं, ह्ये काय लय अवघड हाय व्हय?" मीही छाती फुगवून हो म्हटलं.

१२ जुलै

सकाळी दुर्बीण लावली. पांढरं आहे.

(साहेबाची पितळी दुर्बीण बोटीबरोबरच आली. राहीचं घर समोरच्या चढावर, पाणी ओलांडून मैलभर. लग्न झालं तेव्हाच तिच्याशी ठरवलं — वेळूच्या काठीवर पांढरं धोतर म्हणजे सगळं ठीक, तांबडं लुगडं म्हणजे या.)

१७ जुलै, सांगली

हेड पोत्यात बांधून यष्टीनं सांगलीला आलो. कंडक्टर विचारतो, "काय हाय पोत्यात?" म्हटलं, डोकं. तो दोन पावलं मागे सरकला!

इथं भाऊसो लेथवाला. उसाच्या पट्ट्यातली पंपाची सगळी इंजिनं याच्या हाताखालून जातात. विश्रामबागेच्या पुढं पत्र्याची शेड. हेड हातात घेऊन त्यानं नखानं टिचकी मारली, कान लावला. म्हणाला, "आवं हवालदार, ह्येचं वय झालंय. किती दिस सलाईन लावणार?"

म्हटलं, पंचमीपर्यंत चालू दे, मग मेलं तरी चालेल.

मग विचारतो, "आदी सांगा, तापलं कशापायी? पानी कुठनं घेतंय?"

"तळाच्या भोकातून. पंप खेचतो, इंजिनाभोवती फिरवतो, मागून बाहेर टाकतो."

"भोकाला जाळी हाय न्हवं?"

हो म्हटलं.

जाळी नाही. एप्रिलात बोट वर काढली तेव्हा मीच काढली. सारखं शेवाळ अडकायचं. पितळेची होती, घरी पडली होती, आता घर सांभाळणारी माझी थोरली बहीण तानुअक्का तिच्यात चहा गाळते. पण हे लेथवाल्याला कशाला सांगायचं?

१९ जुलै, सांगली

बिडाचं वेल्डिंग सोपं नसतं. कोळशावर तापवून जोड मारला, राखेत गाडून ठेवलंय. निवायला दोन दिवस. मी बाकड्यावर बसून आहे. भाऊसो सारखं तेच म्हणतो — "तळ बगा, हवालदार. डोकं नीट करून काय उपेग?" मला शिकवतो! मी जबलपूरला याच्या वयाच्या पोरांना शिकवत होतो.

जबलपूर म्हटलं की बायको चंद्राच आठवते. चौसष्ट साल. राही नऊ वर्षांची, चंद्राला दुसऱ्या वेळचे दिवस भरलेले. तार चौथ्या दिवशी मिळाली. घरी पोहोचलो तेव्हा अंगणातल्या दोरीवर बाळाची फडकी वाळत होती. बाळ नव्हतं, आई नव्हती. दोरी कुणी काढलीच नव्हती.

म्हणून या वेळी मला घरी असायचंय, आणि राही माझ्या घरात हवी. बाकी काही नको.

२२ जुलै

हेड बसवलं. नवीन गॅसकेट. तिसऱ्या हँडलला इंजिन सुरू! गुंडानं टोपी उडवली. काठावरच्या बाया भाताची लावणी सोडून बघायला आल्या.

सहा मिनिटं चाललं. परत तोच वास. या वेळी मी बादलीला हात लावला नाही. बंद केलं आणि त्याच्याकडे बघत बसलो.

मागच्या नळीतून पाणी येतं. थोडं येतं, पण येतं. मग पाण्यात खोट नाही. म्हणजे टायमिंग, ठिणगीची वेळ चुकतेय.

२३ जुलै

टायमिंग नाही.

२४ जुलै, पंचमी

गावातल्या सगळ्या पोरी माहेरी आल्यात. वडाला झोके. तानुअक्कानं पुरणाची दिंडं केली आणि एक ताट झाकून ठेवलं. मी ओरडलो, कुणासाठी झाकलंस? ती म्हणाली, "आसू दे की. कवा येतील, सांगता येतंय व्हय?"

पांढरं.

बाळंतपणासाठी मधल्या खोलीला चुना लावला. बाजेला नवी सुंभं भरली. तयारी माझ्याकडून पुरी आहे.

२५ जुलै

उद्यापासून राहीला आठवा. आठव्यात बाईनं पाणी ओलांडायचं नाही. विहीण अंबूबाई या बाबतीत देवाचंही ऐकायच्या नाहीत. त्या सुईणपण करतात, पलीकडच्या काठावर त्यांचं नाव आहे. लग्नातच म्हणाल्या होत्या, "आई न्हाई त्या घरात कसलं वो बाळंतपन? मी हाय की." तेव्हाच मला झोंबलं होतं. आई नाही, पण बाप आहे ना?

म्हणजे आता नववा लागेपर्यंत थांबायचं. महिना. महिन्यात तर मी नवं इंजिन ओतून घेईन!

गुंडा म्हणाला, ताडपत्रीचं शीड लावू. कशाला? वारा पश्चिमेचा, जायचं पश्चिमेला. ताडपत्रीनं फक्त घरी येता येतं. लहान होडी पाटबंधारेवाल्यांनी पावसाळ्यापुरती बंद केलीय, गेल्या साली उलटली म्हणून. घाटानं वळसा दोन-तीन दिवसांचा, वाटेत चार ओढे. माझा गुडघा पासष्ट सालापासून अर्धाच आहे. आणि पोहोचून काय करू? गरवार पोरीला पाठीवर घेऊन येऊ?

२९ जुलै

धुकं. काही दिसत नाही.

३० जुलै

धुकं.

१ ऑगस्ट

धुकं. दुर्बिणीत बुरशी धरली. पुसली.

४ ऑगस्ट

अर्धा तास उघडलं. पांढरं! तानुअक्काला हाक मारून दाखवलं. तिला दुर्बिणीतून काही दिसत नाही, उगाच "व्हय व्हय, पांडरंच" म्हणते.

आज ठिणगी देणारा मॅग्नेटो उघडला. नीट आहे. प्लग नीट आहेत. इंजिनाचा प्रत्येक अवयव नीट आहे आणि इंजिन चालत नाही. फौजेत अशा केसला आम्ही एक इंग्रजी शेरा लिहून गाडी दुसऱ्या युनिटच्या माथी मारायचो. इथं दुसरं युनिट कुठलं?

९ ऑगस्ट

पेट्रोलवर संशय. आजकाल ते औषधासारखं मिळतं आणि त्यात काय काय मिसळतात देव जाणे. माझ्या जुन्या फौजी हॅटमधून गाळलं. तळाला चमचाभर पाणी निघालं. आनंदानं ओरडलोच, सापडलं!

कार्बोरेटर धुतला, सुरू केलं. सात मिनिटं. आधी सहा होती. एक मिनिटाची बढती मिळाली.

गुंडा हळूच म्हणाला, "हवालदार, मी बुडी मारून खालनं हात घालून बगू का?"

मी खवळलो. "तळात काय बघायचंय? तळ इंजिन चालवतो का?"

तो गेला. संध्याकाळी त्याच्या घरून भाकरी आणि सुक्या वाकट माशाचं कालवण आलं. म्हणजे रागावला नाही. 

१२ ऑगस्ट

धुकं. बोलावंसं वाटत नाही. लिहावंसंही नाही.

१५ ऑगस्ट

शाळेत झेंडा. माजी सैनिक म्हणून दोरी मी ओढली. सॅल्यूट करताना समोर पाणी, पाण्यावर भिंतीसारखं धुकं. एकवीस वर्षं देशाच्या गाड्या चालू ठेवल्या, म्हणून सरपंचांनी भाषण केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मान वर करवेना.

राही आता काय करत असेल? जावई जोतीराम पठाणकोटला. जसा मी जबलपूरला होतो तसाच. तो तरी निदान बंदुकीचं काम करतोय, मी मैलभरावर बसून पाना घासतोय.

१८ ऑगस्ट

धोंड्याचा महिना लागला. जावयाला बोलवायचं, अनारसे घालायचे. माझा जावई पठाणकोटला, मुलगी पाण्यापलीकडे. अनारशांचं पीठ तानुअक्कानं तरी भिजवलंच.

मधल्या खोलीला परत चुना लावला. ओल आली होती.

२१ ऑगस्ट

सलग दहावा दिवस धुकं. काठीवर काय आहे — पांढरं, तांबडं — काही कळत नाही. आज काठावर उभा राहून ओरडलो. राहीऽऽ! मूर्खासारखा. मैलभर जातंय का?

गुंडानं ऐकलं. जवळ येऊन म्हणाला, "लावण्या उरकल्यात. चाळीस मानसं मिळतील. बोट वर वडू या?"

बरं, म्हटलं. वाद घालायला अंगात काही उरलं नाही.

२४ ऑगस्ट, शनिवार

मड्डम ओढून काठावर घेतली. ओंडके, दोरखंड, "जानाईच्या नावानं चांगभलं" करत चाळीस जण. आडवी केली. मी तळाखाली पालथा झालो, इंजिनाला पाणी देणाऱ्या भोकात बोट घातलं.

मऊ लागलं.

चिमट्यानं ओढलं. निघतच गेलं. एक वीत, दोन वीत. चिखलानं काळं, पण काठ दिसला आणि ओळखलं. हिरवा खण. इरकली काठाचा. मी आणलेला!

सात जुलैला गावावर इंजिन बारीक करून आम्ही थांबलो होतो. राहीनं ओटी पाण्यात सोडली. खण तळाखाली गेला आणि भोकानं गिळला. जाळी असती तर बाहेरच अडकला असता. जाळीत तानुअक्का चहा गाळते. पाणी झिरपत होतं तेवढंच मागून पडत होतं, आणि मी "पाणी येतंय, पाणी येतंय" म्हणत डोकं फोडत बसलो होतो. भाऊसोनं सांगितलं. गुंडानं सांगितलं.

चाळीस माणसं गोल करून उभी. कुणीतरी म्हणालं, "देवीनं वटी घेटली न्हाई जनू." मी त्याच्यावर पाना उगारला. मग तिथंच चिखलात बसलो. गुंडानं खण धुतला, घडी करून माझ्या मांडीवर ठेवला.

२५ ऑगस्ट

जाळी परत बसवली. तानुअक्का म्हणते, "मग च्या कशानं गाळू?" बोट पाण्यात लोटली. एक तास दहा मिनिटं इंजिन चाललं. हात ठेवला तर कोमट, गाईच्या पाठीसारखं.

उद्या नववा. उद्या जायचं!

२६ ऑगस्ट

वादळी वारा. लाटा ओट्याएवढ्या. गुंडा सुकाणू धरायला तयार नाही. "आज गेलो तर आनायला कोन ऱ्हानार न्हाई." बरोबर बोलतोय. इंजिन तयार आहे आणि मी काठावर.

२७ ऑगस्ट

तेच.

२८ ऑगस्ट

दुपारी तीनला धुकं फाटलं. वारा तसाच.

दुर्बीण लावली. काठी रिकामी. ना पांढरं, ना तांबडं. दुर्बीण खाली वळवली. ओसरीच्या दोरीवर बारकी बारकी फडकी. मोजली. अकरा. बाळाची.

झालं. आठवा पुरा व्हायच्या आत झालं असणार! सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही म्हणतात. पण फडकी आहेत. मग आई? अंगणात कोणी येईना. पाऊण तास डोळा लावून होतो. एक म्हातारं कुत्रं आलं आणि गेलं. परत धुकं पडलं.

फडकी म्हणजे काहीच नाही. फडकी मी आधीही पाहिलीत.

तानुअक्काला सांगितलं नाही. ती अनारसे तळत होती.

२९ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी वारा पडला. गेलो. अर्ध्या पाण्यावर गुंडानं इंजिन बारीक केलं. खाली गाव. मी म्हटलं, थांबू नकोस, चल! त्यानं मान हलवली आणि माझ्याकडे न बघता हात जोडले. मीही जोडले.

पुढे गेल्यावर दुर्बीण लावली. दारात बाई उभी. डोक्यावरून कानांना फडकं घट्ट आवळलेलं. पुन्हा पाहिलं. कानाला असं फडकं बाळंतीणच बांधते. माझी राही! मी रडलो. मोठ्यानं रडलो, गुंडासमोर, लाज वाटली नाही.

पोहोचल्यावर कळलं, वीस तारखेला झाली. मुलगी. मूठभर आहे, कापसात गुंडाळून टोपलीत ठेवलीय, खाली कोमट राखेच्या पुरचुंड्या. अंबूबाईंनी नऊ दिवस डोळ्याला डोळा लावला नाही. वाटीतून थेंब थेंब दूध पाजून जगवली. मला म्हणाल्या, "पावणं, तांबडं लुगडं तीन दिस लावलं व्हतं. तुमाला दिसलं न्हाई?"

नाही दिसलं.

"आसू द्या. तुमी येऊन तरी काय क्येलं आसतं? बसा. च्या घ्या."

बसलो. चहा घेतला. ही पोर मधल्या खोलीत झाली असती तर? तानुअक्काच्या आणि माझ्या हातावर? कप खाली ठेवला.

खणाची सगळी हकिगत राहीला सांगितली. ती हसेल वाटलं. हसली नाही. तोंड फिरवून बाळाकडे बघत राहिली.

३० ऑगस्ट

निघताना राही दारापर्यंत आली. म्हणाली, "आबा, वटी सोडताना मी काय मागितलं, त्ये इचारा आता." विचारलं. खाली बघत म्हणाली, "त्या खोलीत मला बाळंतपनाला न्हेऊ नगं म्हनलं. आईला मी तितंच बगितलं हुतं. तुमी न्हवता."

त्या खोलीला मी दोनदा चुना लावला. सात जुलैपासून रोज त्या इंजिनाला विचारत होतो, का चालत नाहीस? राहीला एकदाही विचारलं नाही, तुला यायचंय का.